मुंबई ते सावंतवाडी: लांबच्या प्रवासासाठी गाण्यांची यादी कशी बांधावी

गणपतीला गावी जायची तारीख ठरली की गाडीची सर्व्हिसिंग होते, टायरची हवा बघितली जाते, मखरापासून उदबत्तीपर्यंत सगळ्याची यादी होते. गाण्यांची आठवण मात्र आदल्या रात्री अकरा वाजता येते. मग आवडीची दीडशे-दोनशे गाणी एका फोल्डरमध्ये ओतायची, शफल लावायचं आणि निघायचं. अशाने वडखळच्या कोंडीत दणदणीत ढोलकी वाजते, पावसात घाट उतरताना कानाशी कुजबुजणारी गझल लागते आणि जेवणानंतर, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड येत असताना, नेमकी अंगाईच्या चालीची गाणी एकामागून एक सुरू होतात. गाणी सगळी चांगलीच असतात, फक्त जागा चुकते.

लांबच्या प्रवासाची यादी रस्त्याच्या मापाने करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी रस्ता, मग गाडीतली माणसं, आणि गाण्यांची निवड सगळ्यात शेवटी. हे कसं करायचं ते दाखवायला मुंबई ते सावंतवाडी हा रस्ता घेतला आहे. साधारण ५०० किलोमीटरच्या या प्रवासात कोंडी, घाट, बोगदा, खड्डे, गुळगुळीत काँक्रीट, पाऊस आणि ऊन असं सगळं भेटतं. हा रस्ता साधला तर बाकी कुठलाही साधेल.

आधी रस्ता कागदावर

एक कोरा कागद घ्या आणि प्रवासाचे तुकडे पाडा. किलोमीटरपेक्षा वेळ महत्त्वाची. पहाटे चारला निघालात असं धरलं तर मुंबई ते पनवेल-पेण हा भाग अंधारात जाईल. पनवेल ते इंदापूर हे अंतर ८४ किलोमीटरचंच, पण गणपतीच्या आठवड्यात इथे किती वेळ जाईल ते कोणी सांगू शकत नाही. वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव ही कोंडीची ठरलेली ठिकाणं. महाड-पोलादपूरच्या पुढे डोंगर सुरू होतो. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुन्या घाटाची बरीच वळणं टळली, तरी खेड ओलांडल्यावर परशुराम घाट आहेच. चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर हा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा, आणि कामामुळे मधेमधे डायव्हर्जन. खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा लागला की रुंद काँक्रीटचा मोकळा रस्ता थेट कणकवली, कुडाळ, झारापपर्यंत.

प्रत्येक तुकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: तिथे किती वाजता पोचाल, रस्ता ड्रायव्हरकडून किती लक्ष मागतो, आणि गाडीत त्या वेळी बाकीचे काय करत असतील. पहाटे पाचला मागची सीट झोपलेली असणार, नऊला पोरांना भूक लागलेली असणार, दुपारी अडीचला सगळ्यांची जेवणं झालेली असणार. हे लिहून झालं की अर्धी यादी आपोआप सुचते.

आता हिशोब. प्रवास १२ तासांचा असला तरी १२ तास गाणी लागत नाहीत. चहा-नाश्ता-जेवणाचे थांबे, गप्पा, फोन, आणि मुद्दाम ठेवलेली शांतता वजा केली की सात-आठ तासांचं संगीत भरपूर होतं. एक गाणं सरासरी साडेचार-पाच मिनिटांचं धरलं तर शंभर गाण्यांच्या आत काम भागतं. पाचशे गाण्यांच्या यादीत कोणाचंच मन लागत नाही, सारखं पुढचं गाणं बघावंसं वाटतं.

गाडीत कोण कोण आहे

दुसरी पायरी फोनवरच होते. गाडीत असणाऱ्या प्रत्येकाला, अगदी सात वर्षांच्या पोरालाही, दहा गाणी विचारा. त्यासोबत अजिबात नकोत अशी दोन गाणी कोणती, हेही विचारा. नकाराची यादी आवडीच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण बंद गाडीत नावडतं गाणं टाळून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.

आजीला फक्त भक्तिगीतंच हवी असतील, असं धरून चालू नका. साठ-सत्तरच्या दशकात तरुण असलेल्या बायकांनी रेडिओवर हिंदी सिनेमाची गाणी मनापासून ऐकली आहेत. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला; त्या पिढीची सकाळ-दुपार तिच्यावर गेली. आजीला विचारलं तर भजनाऐवजी एखादं खट्याळ द्वंद्वगीत सांगेल आणि तेवढ्यावरून पुढचा अर्धा तास गप्पा रंगतील.

आवडी जुळवताना सगळ्यांच्या निवडीची सरमिसळ करू नका. आजीचं एक, मुलीचं एक, काकाचं एक अशा माळेत कोणाचाच सूर लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास द्यावा आणि तो कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत, हे आधी सांगून टाकावं. "बाबा, माझी गाणी कधी?" या प्रश्नाला "थोड्या वेळाने" हे उत्तर पोरांना पटत नाही, "चिपळूण सोडलं की" हे पटतं. मग ती पाट्या वाचत बसतात.

एक अधिकार मात्र वाटून घ्यायचा नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने "बंद कर" म्हटलं की गाणं त्याच क्षणी बंद व्हायला हवं. त्यावर चर्चा नको, रुसवा नको.

कठीण रस्त्याला ओळखीचं, सोप्या रस्त्याला नवं

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या. रस्ता जेवढं लक्ष मागतो तेवढं संगीताने कमी मागावं. ओळखीचं गाणं कानावरून वाहत जातं. नवं गाणं, अवघड शब्दांची कविता, उत्कंठा वाढवणारी गोष्ट ही ऐकणाऱ्याला आत ओढते. मोकळ्या रस्त्यावर हे ओढणं हवं असतं, घाटात ते धोक्याचं.

लयीचंही तसंच. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाचे वॉरन ब्रॉडस्की यांनी २००१ मध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. संगीताची लय जसजशी वाढली तसतसा चालवणाऱ्यांचा वेग वाढला आणि लाल सिग्नल तोडण्यासारख्या चुकाही वाढल्या. गाडी चालवणाऱ्याला हे जाणवतही नाही, पाय आपसूक दाबला जातो. गाण्याची लय मोजायला यंत्र लागत नाही. टाळी धरा, १५ सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजा आणि ४ ने गुणा. मिनिटाला ७० ते १०० च्या आसपास असलेली गाणी, म्हणजे मध्यलयीतल्या केरवा-दादरा तालांची, बहुतेक रस्त्यांना चालतात. १२० च्या पुढची गाणी गाडी पूर्ण थांबलेली असतानाच ठेवा.

पहाटेचा अंधार: पेणपर्यंत

मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत शरीर झोप मागतं, तुम्ही रात्री लवकर झोपला असलात तरी. त्यामुळे निघाल्या निघाल्या संथ भूपाळ्या लावायचा मोह आवरा. त्यांची खरी वेळ उजाडताना, साधारण पेण ओलांडल्यावर, दोन्ही बाजूंची शेतं दिसायला लागली की. अंधारात ठेका स्पष्ट असलेले अभंग उत्तम. पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांत पखवाज आणि टाळ इतके ठसठशीत असतात की ड्रायव्हर मान डोलावत जागा राहतो आणि मागे झोपलेल्यांना त्रास होत नाही. समोर बसणाऱ्या माणसाने या वेळात झोपू नये. गाण्यापेक्षा त्याचं बोलणं ड्रायव्हरला अधिक जागं ठेवतं.

कोंडी: वडखळपासून माणगावपर्यंत

कोंडीत चिडचिड होते. दोन गाड्यांच्या मधून कोणी घुसलं की हात हॉर्नकडे जातो. इथे वेगवान गाणं आगीत तेल ओततं, आणि फार हळवं गाणं कंटाळा वाढवतं. माझ्या अनुभवात इथे दोन गोष्टी लागू पडतात. पहिली म्हणजे सगळ्यांना पाठ असलेली, गाडीभर कोरसने म्हणता येणारी गाणी: कोळीगीतं, शाळेच्या सहलीतली गाणी, बालगीतं. दुसरी म्हणजे विनोदी कथाकथन. माणूस हसत असला की पुढची गाडी दहा मिनिटं हलली नाही तरी चालतं.

गाडी पूर्ण थांबलेली असेल तर पोरांची नाचाची गाणीही इथेच उरकून घ्या. नंतर घाटात ती मागणी नको.

घाट: पोलादपूर ते चिपळूण

या तुकड्याची मांडणी जरा जवळून बघू. पोलादपूर सोडताना आधीचा गोंगाट थांबवायचा आणि दोन-तीन मिनिटं काहीच लावायचं नाही. कान मोकळे होतात. मग संतूर किंवा शहनाई. वाद्यसंगीत घेण्याचं कारण साधं आहे: शब्द नसले की शब्दांमागे मन जात नाही. वाद्य निवडताना गाडीच्या आवाजाचा विचार करावा लागतो. बासरीचे खालचे, मंद्र सप्तकातले सूर टायरच्या घरघरीत पूर्ण बुडतात. पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी ऐकायची तर घरी, शांततेत. संतूरचा टणत्कार आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँच्या शहनाईची धार मात्र पावसाच्या माऱ्यातूनही वर येते. पंडित शिवकुमार शर्मांच्या संतूरवादनातला तबल्याच्या साथीचा, मध्यलयीतला भाग घ्या. सुरुवातीचा लांब आलाप गाडीत ऐकू येत नाही आणि 'झाला' म्हणतात तो शेवटचा भाग फार वेगवान होतो.

बोगदा येताच आवाज कमी करा. भिंतींवर आपटून इंजिनचा आवाज दुप्पट वाटतो, आणि त्यावर मात करायला आपण स्पीकर वाढवला की बाहेर पडताना तो अंगावर येतो. खेडच्या पुढे लोट्याला सरळ रस्ता आहे, तिथे दोन-तीन ओळखीची भावगीतं चालतील. परशुराम घाट सुरू झाला की आवाज अगदी खाली. पावसाळ्यात इथे दरड, धुकं आणि समोरून येणारा कंटेनर, यांची चाहूल बऱ्याचदा कानांनाच आधी लागते.

घाटात पोरांना गाडी लागते. हातात मोबाइल देऊन व्हिडिओ लावला तर ते वाढतं, कारण डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानातला तोल सांगतो आपण वळतोय. बाहेर बघत हळू आवाजात अंताक्षरी खेळणं हा चांगला उपाय. ड्रायव्हरला मात्र अंताक्षरीत ओढू नका. "ण" वरून गाणं आठवत असताना वळण कुठे आलं ते कळत नाही.

दुपारची झापड: खारेपाटणच्या पुढे

सगळ्यात जास्त विचार करावा असा हा तुकडा आहे, आणि बहुतेक लोक इथेच बेफिकीर असतात. घाट संपलेला, रस्ता सरळ आणि गुळगुळीत, पोटात भात आणि सोलकढी, घड्याळात दुपारचे दोन ते चार. शरीराला दिवसातली दुसरी झोप याच वेळात येते. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि मागची पाच मिनिटं कशी गेली ते आठवत नाही, अशी अवस्था सरळ रस्त्यावर सहज होते. समृद्धी महामार्गावरून नागपूरला जाणाऱ्यांनी तर हा भाग दोनदा वाचावा. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा बराच भाग असाच एकसुरी आहे.

इथे नवं काहीतरी हवं. सिंधुदुर्गात शिरताना डबलबारी लावून बघा. दोन भजनी बुवा समोरासमोर, हार्मोनियम, पखवाज, झांज आणि मागे कोरस. अभंग, गौळण, गजर करत एकाने दुसऱ्याला कोडं घालायचं आणि दुसऱ्याने आपल्या बारीत त्याला उत्तर द्यायचं. कोकणात यासाठी लोक रात्र रात्र जागतात. ऐकणाऱ्याला पुढे काय उत्तर येतं याची उत्सुकता लागते, ठेका सतत बदलतो आणि माणूस जागा राहतो. शिवाय गाव जवळ आल्याची जाणीव या आवाजातून होते तशी दुसऱ्या कशातून होत नाही.

भजनाची आवड नसेल तर क्रमाने पुढे जाणारं काही घ्या. गीतरामायण हे याचं उत्तम उदाहरण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ही ५६ गाणी प्रसारित झाली, आणि त्यांत कथा सलग पुढे सरकते. सगळी ऐकायला अनेक तास लागतील, म्हणून एखाद्या प्रसंगाची लागोपाठची सहा-सात गाणी निवडा आणि त्यांचा क्रम मोडू नका. मुलांना मधेमधे "आता पुढे काय होतं?" विचारा. गोष्ट, गाणं आणि संवाद असं तिन्ही होतं. ऑडिओबुक किंवा पॉडकास्टही इथे चालेल, पण वाचणाऱ्याचा आवाज एकसुरी असेल तर झोप आणखी वाढेल. पाच मिनिटं घरी ऐकून मगच घ्या.

आणि हे नीट लक्षात ठेवा: झोपेवर संगीत हा इलाज नाही. मोठ्या आवाजाने दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, झोप तशीच राहते. जांभया सलग यायला लागल्या, गाडी पट्टीवरून सरकायला लागली की गाणं बदलत बसू नका. धाबा किंवा पेट्रोल पंप बघून गाडी बाजूला घ्या. कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो.

तुकड्याची लांबी

कॅसेटच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटायचा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, नव्वदची पंचेचाळीस. बाजू संपली की खटकन थांबायची, कोणीतरी विचारायचं, "आता काय लावू?" त्या थांब्यात सगळ्यांचं मत घेतलं जायचं. हेच माप आजही ठेवा. तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दहा-बारा वेगळे फोल्डर करा आणि प्रत्येकाला गावावरून नाव द्या: "पेण", "माणगाव कोंडी", "कशेडी", "कणकवली दुपार". एक संपला की पुढचा आपोआप सुरू होऊ देऊ नका.

फोल्डरच्या आत पहिलं गाणं सगळ्यांना आवडणारं ठेवा, कारण पहिल्या गाण्यावर कोणी नाक मुरडलं की पुढची आठ वाया जातात. एकाच गायकाची तीनपेक्षा जास्त गाणी सलग नकोत. दोन-तीन फोल्डर राखीव असू द्या, पाऊस कोसळला किंवा तीन तास उशीर झाला तर लागतील. थोडी गाणी कमी पडली तर उत्तमच, कोणीतरी स्वतः गायला लागेल.

आवाजाची बाजू

घरी सुंदर वाटणारं गाणं गाडीत का पडतं, याचं कारण पार्श्वभूमीचा आवाज. ८० च्या वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीत, काचा बंद असल्या तरी, टायर आणि वाऱ्याचा सतत आवाज असतो आणि तो मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. तबल्याचा बायाँ, तंबोरा, खर्जातला आवाज हे सगळं त्यात विरघळतं. विलंबित ख्यालात गायक हळू स्वरापासून टिपेपर्यंत जातो. हळू भाग ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की तान कानावर आदळते. म्हणून गाडीसाठी छोट्या द्रुत बंदिशी, नाट्यपदं, ठुमरी-दादरा निवडावा. पंडित जितेंद्र अभिषेकी आणि डॉ. वसंतराव देशपांडे यांची नाट्यपदं गाडीत फार छान ऐकू येतात, कारण आवाज वरच्या पट्टीतला आणि शब्दफेक स्वच्छ.

बेस वाढवायची सवय असेल तर ती प्रवासापुरती सोडा. आधीच खालच्या पट्टीतल्या घरघरीत आणखी भर पडते आणि तीन-चार तासांनी डोकं जड होतं. बेस शून्यावर किंवा एक घर खाली, मधली पट्टी एक घर वर, एवढं केलं तरी शब्द उजळ होतात. मागे तान्हं बाळ किंवा आजी असतील तर स्टिरिओमधल्या फेडरने आवाज पुढच्या स्पीकरकडे सरकवा.

आवाज किती ठेवायचा याची कसोटी सोपी: पुढे बसलेल्याने नेहमीच्या स्वरात बोललेलं मागे बसलेल्याला ऐकू यायला हवं. ते येत नसेल तर मागून येणाऱ्या अँब्युलन्सचा भोंगाही उशिराच ऐकू येईल. पोरांनी हेडफोन लावले तर हरकत नाही, ड्रायव्हरच्या कानात काहीही नको.

जुन्या आणि नव्या रेकॉर्डिंगचा आवाज सारखा नसतो. पन्नासच्या दशकातल्या गाण्यानंतर आजचं गाणं लागलं की सगळे दचकतात. गाण्यांच्या ॲपमध्ये आवाज समान करण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती सुरू करा. पेन ड्राइव्हवर गाणी नेणार असाल तर एका फोल्डरमध्ये शक्यतो एकाच काळातली गाणी ठेवा.

पेन ड्राइव्ह, फोन आणि नेटवर्क

घाटात आणि डोंगरांच्या आड नेटवर्क जातं, म्हणून इंटरनेटवरून थेट वाजवण्यावर अख्खा प्रवास सोपवू नका. ॲपमधून गाणी डाउनलोड करून घ्या. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये त्यासाठी पैसे भरलेलं खातं लागतं आणि ३० दिवसांतून एकदा फोन इंटरनेटला जोडावा लागतो. डाउनलोड झालं याची खात्री करायला घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि प्रत्येक फोल्डरमधलं एक गाणं वाजवून बघा.

माझा कल पेन ड्राइव्हकडे आहे. फोनला नकाशा, कॉल, फोटो अशी दहा कामं असतात, पेन ड्राइव्हला एकच. ३२० केबीपीएसच्या चांगल्या दर्जाच्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा लागते, म्हणजे १० तासांच्या संगीताला दीड जीबीच्या आत. जुना ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे. तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, गाड्यांचे बरेच स्टिरिओ बाकीचे प्रकार वाचत नाहीत. फाइल एमपीथ्रीच ठेवा. नावांच्या आधी ००१, ००२ असे आकडे टाका, नाहीतर क्रम विस्कटतो. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर काही स्टिरिओ चौकोन दाखवतात. तुमच्याकडे तसं होत असेल तर रोमन लिपीत नाव द्या.

ऑक्स केबलने फोन जोडून त्याच वेळी गाडीच्या चार्जरला लावला तर स्पीकरमधून बारीक शीळ किंवा गुणगुण येऊ शकते. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर फोन पॉवर बँकेवर चार्ज करा.

रेडिओला पूर्ण विसरू नका. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की थांबतात, त्यामुळे पेणच्या पुढे कधीतरी मुंबईची स्टेशनं खरखरायला लागतात. मग वाटेत आकाशवाणीची रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली केंद्रं शोधून बघा. इथल्या बातम्या, इथल्या बोलीतली श्रुतिका, इथल्या भजनी मंडळांची नावं ऐकताना आपण कुठून जातोय ते कळतं. डाउनलोड केलेल्या यादीत हे मिळत नाही.

बटणं कोणाच्या हातात

ड्रायव्हरच्या हातात नाहीत. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. गाणं शोधायला दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की ४४ मीटर रस्ता न बघता गेला. गाडी चालवताना हातात फोन धरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, ते वेगळंच. शेजारी बसणाऱ्याला हे काम निघण्याआधी सोपवा आणि फोल्डरच्या नावांचा कागद त्याच्याकडे द्या. एकटेच जात असाल तर प्रत्येक थांब्यावर पुढचा फोल्डर लावून मगच गाडी हलवा.

निघण्याच्या दोन दिवस आधी सोसायटीच्या गेटबाहेर एक फेरी मारून सगळे फोल्डर त्याच गाडीत तपासा. पेन ड्राइव्ह वाचला जात नाही, ब्लूटूथ दुसऱ्याच फोनला जोडला जातो, एका बाजूचा स्पीकर बंद आहे, या गोष्टी पहाटे चारला कळल्या तर काही करता येत नाही.

परतीची यादी वेगळी

जाताना उत्साह असतो, येताना विसर्जन झालेलं असतं, सुट्टी संपलेली असते, डिकीत नारळ आणि फणसाची साठं असतात आणि सगळे दमलेले असतात. तीच यादी उलट्या क्रमाने लावली तर ती ऐकवत नाही. परतीसाठी कमी गाणी, जास्त शांतता आणि एखादी लांब गोष्ट ठेवा. रस्त्याचं गणितही उलटतं: मोकळा रस्ता सकाळी ताजेपणी मिळतो आणि माणगाव-वडखळची कोंडी संध्याकाळी, थकल्यावर येते. म्हणून विनोदी कथाकथनातला चांगला अर्धा भाग जाताना राखून ठेवा, तो परतीच्या कोंडीत लागेल.

घरी पोचल्यावर आठवडाभरात पेन ड्राइव्ह संगणकाला लावा. जी गाणी दोन्ही वेळा पुढे ढकलली गेली ती काढून टाका, वाटेत कोणी मागितली आणि मिळाली नाहीत ती घाला, आणि फोल्डरवर वर्ष लिहा. पुढच्या वर्षीच्या यादीचं निम्मं काम तिथेच झालेलं असेल.